दंडाला लावायचं औषध

४ मार्च
आज इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरीबरोबर माझी बोटंही गेली असती! लॉन्ड्रीत तीस वर्षं काढली, वाफेला कधी भ्याले नाही. पण गर्भपिशवी काढून पाळी गेल्यापासून ही आतली वाफ — दिवसातून दहादा. झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. मुकादमबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर घरीच बसा."

९ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हार्मोन तीन तऱ्हांनी घेता येतं — गोळी, पट्टी, जेल. गोळी माझ्यासाठी बाद, मागे पायात रक्ताची गुठळी झाली होती. पिशवी काढलेली, म्हणून जोडीला दुसरं औषध लागत नाही, तेवढंच बरं. पोटावर पट्टी चिकटवली. घरात बोलले नाही. सून म्हणायची, सासूबाईंना या वयात हे काय सुचलं!

१३ मार्च
पट्टी घामानं सुटली. कुठल्यातरी चादरीच्या घडीत गेली असणार. मेलं नशीबच असलं.

१६ मार्च
जेल आणलं. आंघोळीनंतर दंडाला चोळायचं. "नीट वाळू द्या, वर बाही हवी," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पहाटेपासून वाफेत उभं राहायचं आणि घरीही बाही? माझा बिनबाह्यांचा गाऊनच बरा.

२ एप्रिल
झोपले! सलग सहा तास! दुपारी कामावरून आलं की आंघोळ, जेल, मग ठमी. नात साडेतीन वर्षांची झाली, पण झोपायला अजून आजीचा दंडच लागतो. उशी दिली की भिरकावते.

११ जून
ठमीला आंघोळ घालताना सुनेनं हाक मारली. पोरीच्या छातीला दोन्हीकडे सूज, आत गाठीसारखं काहीतरी. हात लावला की रडते. "पडली असेल कुठेतरी," मुलगा सारखा म्हणत होता.

१४ जून
रक्त काढलं. सुई बघून ठमी मलाच बिलगली, दंडात तोंड खुपसून.

१८ जून
सोनोग्राफी झाली. सून दोन दिवस जेवलेली नाही. एकच शब्द तिघांच्या मनात आहे, तोंडातून कुणी काढत नाही. काय असेल ते मला होऊ दे. पोरीला नको.

२१ जून
मुलांचे डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही. पण हिच्या रक्तात बायकांचं हार्मोन फार आहे. बाहेरून येतंय. घरात कुणी हार्मोनचं जेल लावतं का?"
"छे! कुणीच नाही," सून म्हणाली.
ठमी माझ्या मांडीवर होती, दंडावर डोकं टेकून.
"मी लावते," मी म्हणाले.
"आजच बंद करा. सूज उतरेल."
सुनेनं ठमीला माझ्याकडून उचलून घेतलं.