वहिनींचं सोवळं आणि आमची खानावळ

१४ ऑक्टोबर १९५६
देशपांड्यांचा तबादला भोपाळला. जाताना वहिनींच्या पाया पडले. "तिकडं असं जेवण कुठं मिळणार?" मग राहा म्हणावं इथंच. गेल्या महिन्यापासून एकेक कारकून जातो आहे, मी मोजणं सोडलं. नवं राज्य होणार, कचेऱ्या उचलून नेणार, आणि फ्रीगंजमधली आमची पंगत त्यांच्याबरोबर जाणार. दादा गेल्यावर वहिनींनी सोवळ्यात रांधून ही खानावळ चालवली. ती माझ्या हातून बुडणार असं दिसतं. दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

२१ ऑक्टोबर
गाडी उशिरा. नाशिककडची यात्रेकरू मंडळी, आधी महाकालाचं दर्शन, मग जेवण, असं ठरवून आलेली. पोटात कावळे. पण तोवर वहिनी सोवळं सोडून जेवून बसलेल्या. आता चूल पेटवायची तर परत आंघोळ, परत सोवळं. म्हणाल्या, "थोडं थांबतात का विचारा." थांबतंय कोण. सगळी शेजारी जेठूमलकडे. हा सिंधी फाळणीनंतर एक स्टोव्ह घेऊन इथं आला, आता त्याच्या बाकांवर जागा मिळत नाही. त्यातल्याच एक विधवा आजीबाई, लाल अलवणातल्या, तिथं कांदाभजी खात बसलेल्या. चेहऱ्यावर काय समाधान! मी ओट्यावरून बघत राहिलो.

२८ ऑक्टोबर
दिवाळीच्या तोंडावर नवी पाटी. 'शुद्ध महाराष्ट्रीय ब्राह्मण भोजन. सोवळ्यातील स्वयंपाक.' ठसठशीत अक्षरं, लांबून दिसतात. कुणाला तरी दिसू देत.

८ नोव्हेंबर
नवं राज्य झालं. नवे बाबू येऊ लागले, बुंदेलखंडातले, सागरकडचे. त्यातला एक दारात घुटमळला. "पंडितजी, हम भी खा सकते हैं?" म्हटलं, हाँ हाँ, आइए. त्यानं पुन्हा पाटीकडं पाहिलं, "फिर कभी" म्हणाला, आणि शेजारी जाऊन बसला. माणसं यावीत म्हणून लावलेली पाटीच माणसं अडवते. मी अकलेचा कांदा. आमच्या घरात चालतो तो एवढाच कांदा.

पाटी उतरवली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय, तोही लांबून दिसतो.

१८ नोव्हेंबर
जेठूमल आला होता. मधली भिंत फोडू म्हणतो. त्याचा चहा, भजी, आलूची भाजी. आमचं वरणभात, पोळी, कढी. सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालू. "पंडितजी, मौसीजी के हाथ में जादू है. पर मिल की पाली तीन बजे छूटती है, तब आपका चूल्हा ठंडा. भूख क्या घड़ी देखके आती है?"
माणूस वाईट नाही. उलट बोलायला जागाच ठेवत नाही, त्याचाच राग येतो.
सौ. म्हणते, "हो म्हणून टाका. डाळ किती महाग झाली, तुम्हाला पता तरी आहे?" पता आहे. पण सोवळं म्हणून तर लोक इतकी वर्षं आमच्याकडं आले. आता त्याच्याच पायी...

२६ नोव्हेंबर
वहिनींना सांगितलं. एकदम नाही, घोळून घोळून. त्या वाती वळत होत्या, वळतच राहिल्या. "कांदा आत आला भाऊजी, की मी चुलीपाशी नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.
पंगतीला आज फक्त कुलकर्णी मास्तर, आणि एक औषध कंपनीचा माणूस, तोही उद्या जाणार. मास्तर भात कालवताना म्हणाले, "वहिनी आहेत तोवर मी आहे." एका मास्तरांवर खानावळ चालते होय?

१ डिसेंबर
कुणी नाही. मास्तरांना ताप. वहिनींनी रोजचा स्वयंपाक केला, पाट मांडले, वाढपाची वेळ टळेपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या. उरलेलं सगळं गाईला. मला रडू येत होतं. बाहेर जाऊन उगाच स्टेशनापर्यंत चालून आलो.

४ डिसेंबर
वहिनी आपण होऊन बोलल्या. "जेठूमलला हो सांगून द्या. कांद्याची शेगडी मागच्या पडवीत मांडा. मी आंघोळ करून रांधीन, सोवळं नाही नेसणार. कुणी कधीही येऊ दे."
म्हटलं, वहिनी, मनापासून?
"तुमच्या दादांनी लोकांनी जेवावं म्हणून खानावळ काढली. रिकाम्या पाटांना काय वाढू?"
सौ.ला हायसं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय. आणि मास्तर येतील का आता? जे आहेत ते जायचे, नवे येतील याचा भरवसा नाही.

७ डिसेंबर
जेठूमल सकाळीच ओट्यावर हजर, भिंतीसाठी गवंडी घेऊन. त्याला बसवून आत गेलो. मागल्या अंगणात वहिनींनी तीन विटांची चूल मांडलेली.
"ही कशाला?"
"माझ्यापुरती. सगळ्यांचं रांधीन, पण त्यातलं मला वाढू नका."
मग लहान पातेलीत तांदूळ घेतले. जास्त वाटले, थोडे परत डब्यात टाकले. पुन्हा घेतले, पुन्हा टाकले. एकटीचा अंदाजच येईना त्यांना.
बाहेरून जेठूमलची हाक, "पंडितजी, शुरू करें?"