वैष्णवीच्या खोलीचा भाव

तुळजापूर,
घटस्थापनेनंतरचा तिसरा दिवस

मुरुमकर व्याही भागवतराव यांना धोंडीबाचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? जावईबापू आणि आमची वैष्णवी खुशाल असतील. इथं सौ. शिवकांता आणि मी बरे आहोत, फक्त माझी झोप उडालीय. त्याला कारण तुम्ही की दुसरंच कुणी, ते ठरवायला हे पत्र. (फोनच केला असता, पण फोन आपलं बोलणं ऐकतो असा मला दाट वहीम आहे.)

तुम्हाला ठाऊकच आहे, वैष्णवीचं लग्न झाल्यापासून तिची वरची खोली रिकामी. चैत्रात म्या ती मोबाइलवरच्या भाड्याच्या बाजारात लावली. त्यात 'दर आपोआप' असं एक बटण आहे. ते दाबलं आणि घराचा मालक कोण हेच कळेना झालं. म्या एका रात्रीचे नऊशे लावलेले. पितृपक्ष लागला तसे त्यानं साडेसहाशे केले, घटस्थापना जवळ आली तसे दोन हजार. आता मला सांगा, त्या यंत्राला पंचांग कुणी दिलं? शेजारच्या रणधीरच्याही दोन खोल्या त्यात आहेत, आणि हल्ली तो मला बघून हसतो.

म्हणून पाळत ठेवली. तासातासाला आपलीच खोली उघडून भाव बघायचो. शिवकांताच्या मोबाइलवर बघितला तर दोनशे जास्त (ही बाई त्याला कुठनं श्रीमंत दिसली?). मग जळकोटच्या आणि तेरच्या सगळ्या भावकीला सांगितलं, की जरा उघडून बघा आणि कळवा. एका दिवसात छत्तीस जणांनी बघितलं. यंत्रानं लगेच लिहिलं, 'या खोलीला फार मागणी आहे', आणि अष्टमीचा भाव चार हजार सातशे केला. भावकीतलंच कुणीतरी फुटलंय, अशी माझी खात्री झाली. शिवकांता म्हणते, तुम्हीच माणसं गोळा करून आपल्या दारात गर्दी केली. तिला यातलं काय कळत न्हाय.

याच गडबडीत वैष्णवीचा फोन आलेला, अष्टमीला येऊ का म्हणून. म्या म्हटलं, बाळ, खोली गुंतल्यात जमा आहे, दिवाळीला ये. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून शिवकांता माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आणि काल दुपारी बुकिंग आलं. नाव तुमचं, गाव मुरुम, अष्टमीपासून दोन रात्री, माणूस एकच. पैसेसुद्धा जमा. भागवतराव, मी पोरीचा बाप. तुमच्या पायावर पाणी घालायचं सोडून तुमच्याकडून भाडं घेतलं, हे मुरुमात कळलं तर पोरीला तिथं काय काय ऐकावं लागंल, या विचारानं घास उतरत न्हाय. तुम्ही माझी परीक्षा बघताय, का भाव चढवणारे मूळचे तुम्हीच, ते देवीला ठाऊक. राग मानू नका, सध्या मी सगळ्यांवरच संशय घेतो.

आपला नम्र,
धोंडीबा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. बुकिंग तुम्हीच रद्द करा. म्या केलं तर यंत्र माझी खोली यादीत पार तळाला टाकतंय. तुम्ही खाली आमच्यात झोपा, जेवणखाण आमचं.

दुसरा ता. क. : जरा लवकर करा. खोली सुटली तर पाच हजार दोनशेला जाईल असं दिसतंय.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवताना शिवकांतानं बुकिंगखालचा मजकूर वाचायला लावला. मी तुमचं नाव बघूनच थांबलो होतो. तिथं लिहिलंय, 'आप्पा, मी वैष्णवी. मामंजींच्या मोबाइलवरून केलंय. पैसे माझ्या शिवणकामाचे आहेत. आता तरी खोली मोकळी आहे ना?'

काही रद्द करू नका. हे पत्र आता पोस्टात टाकत न्हाय. उद्याच्या पहिल्या एसटीनं मीच घेऊन येतोय, पोरीला न्यायला. तुम्ही दारातच वाचा, आणि पटलं तर मला आत घ्या.