रॉकेटच्या नाकात लाडू

सोलापूर,
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९७८

प्रिय अहो,

तुमचं नाव पाकिटावर लिहिलंय, तेवढं पुरे. तुम्ही बार्शीला सुखरूप पोचलात हे मला तुमच्या बहिणीच्या, निंगव्वाअक्कांच्या कार्डावरून कळलं. तुमच्या स्वतःच्या पाकिटातून काय आलं? हेडसरांच्या नावे फुलस्केपवर राजीनामा, आणि सोबत मला चार ओळींची चिठ्ठी. राजीनामा शाळेत पोचता कर. माळ्यावरचं अर्धवट रॉकेट मोडून बंबात घाल. अव्वाला सांग, दाजींच्या आडतीवर माझं बरं चाललंय. आणि चौथी ओळ, सगळे हसले, आता त्या शाळेत तोंड दाखवणार नाही. त्यातल्या ‘सगळे’खाली तुम्ही रेघ मारली आहे. त्या रेघेबद्दल मला लिहायचंय, पण आत्ताच नाही. आधी बाकीचं ऐका, त्याशिवाय माझ्याने ते लिहवणार नाही.

राजीनामा आला त्याच संध्याकाळी हेडसर घरी आले. मी म्हटलं, झालं, आता घरी येऊन बोलणार. तर ते ओट्यावर बसून चहा प्यायले, दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि म्हणाले की शनिवारपर्यंत लेखी काही आलं नाही तर मी ही रजाच समजेन. सोमवारी तेरा तारखेला पहिला तास दहावी अ चा आहे, पुढच्या महिन्यात बोर्डाची परीक्षा आहे आणि प्रकाशाचा अर्धा धडा अजून शिकवायचा राहिलाय. लेखी आलं तर मात्र त्यांचाही इलाज नाही, दुसरा माणूस घ्यावा लागेल. ते हे सांगत होते तेव्हा तुमचा राजीनामा माझ्या पदराच्या गाठीत होता. मी गाठ सोडली नाही. बायकोनं नवऱ्याचं ऐकावं की हेडमास्तरांचं, हे ठरवायला मला शनिवारपर्यंत वेळ होता.

खरं सांगू? मला तुमचा भयंकर राग आला होता. सव्वीस जानेवारीला जे झालं ते झालं. झेंडा चढला, तुम्ही वात पेटवलीत, रॉकेट वर जायचं सोडून आडवं सुटलं, पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढून गेलं आणि बँडच्या मोठ्या ढोलात शिरून धूर सोडत बसलं. पी.टी.चे मास्तर ढोल गळ्यात तसाच घेऊन पळाले, तो धूरही त्यांच्यासोबत. कुणाला ओरखडा आला नाही. पण तुम्ही घरी आलात, जेवला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून चालते झालात. माझ्याशी एक शब्द नाही! लग्नाला सात वर्षं झाली हो. त्या पुठ्ठ्याच्या नळीशी तुम्ही रोज तास तास बोलायचात, आणि माझ्याशी जाताना बोलवेना? म्हणून तुमची दुसरी ओळ मी आनंदानं पाळायला घेतली. बंब पेटवला, शिडी लावली आणि रॉकेट खाली काढलं.

त्याच्या पोटाला तुमची वही बांधली होती. ती मी उघडली हा माझा गुन्हा. ताग्यातली पुठ्ठ्याची नळी कुणाकडून आणली, सुताच्या कोनाचं नाक कसं बसवलं, सगळं तारीखवार. आणि नऊ ठिकाणी एकच प्रश्न, ‘का वळलं?’ नऊ ठिकाणी खाली एकच उपाय, ‘नाक आणखी हलकं करणे.’ शेवटी शेवटी तुम्ही त्या बिचाऱ्या कोनाला आतून काचकागदानं इतकं घासलं होतंत की बोट लावलं तर आरपार जाईल. आणि एका पानावर रॉकेट दोऱ्यानं मधोमध लटकवल्याचं चित्र, त्याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह. मी शिडीवरच बसून राहिले. खाली बंबाचं पाणी उकळून उकळून संपलं तरी मला उठवेना. नऊ वेळा पडून दहाव्यांदा दुकानातून पुठ्ठा आणणारा माणूस माझ्या घरात होता, आणि मला वाटत होतं तुम्ही टाइमपास करता!

मग मी ते पुरं करायला घेतलं. अव्वा म्हणाल्या, काय गं हे, मी म्हटलं, तुमच्या लेकाचं राहिलेलं काम. एवढंच. पुढचं त्यांनी विचारलं नाही. उलट स्वतः चुलीपुढे बसून खळ शिजवली, मागावर सुताला द्यायच्या तशी, आणि नळीवर कागदाचे तीन पदर असे गुळगुळीत बसवले की तुम्ही बघतच राहाल. पंख मी बसवले, तुमच्या रेघांवर. पॅराशूट मामंजींच्या जुन्या छत्रीचं झालं. वहीत लिहिलं होतं की पॅराशूटच्या खाली जाड कागदाचा बोळा हवा, नाहीतर दारूच्या आचेनं कापड जळतं, तेही लक्षात ठेवलं. रंग मात्र खिडकीचा उरलेला हिरवा, तो अर्ध्यात संपला, म्हणून बाकीचा ट्रंकेचा चंदेरी. समोरच्या घरच्या गोजरबाई बघून म्हणाल्या की दोडक्याला वर्ख लावल्यागत दिसतंय. दिसू दे.

दारू भरून आणायला मी स्वतः कोंडीबांकडे गेले. गड्ड्याच्या जत्रेत दरवर्षी ज्यांचे बाण उडतात ते कोंडीबा माझ्यावरच तापले. म्हणाले, बाई, माझा बाण आडवा जात न्हाय, मास्तरांचा पुठ्ठाच वाकडा हाय, आन् नाव माझं खराब झालं की! त्यांनाही त्या ढोलाचा डाग धुवायचा होता. तीन खेपेचं सामान दिलं आणि वात मीच लावणार, तुमी कुणी जवळ यायचं न्हाय, असं बजावून बरोबर यायला निघाले. गावात उडवायला नको म्हणून वळसंगला जायचं ठरलं, अव्वांच्या भावाच्या, कल्लप्पा मामांच्या माळावर. वार सोमवार, अव्वांनी ठरवलेला. गोजरबाई भाकऱ्या बांधून, कुणी न बोलावता आल्या.

एस.टी.त काय झालं ते ऐका. मला भीती, कंडक्टर या लांबलचक वस्तूचं लगेज मागणार, नाहीतर खाली उतरवणार. पण निघताना अव्वांनी रॉकेटला विभूतीचे तीन पट्टे ओढले होते, कुंकू लावलं होतं, वर खणाचा तुकडा गुंडाळला होता. कंडक्टर आला, त्यानं बघितलं, चप्पल काढून नमस्कार केला आणि खिडकीजवळच्या माणसाला उठवून रॉकेटला जागा दिली. त्याला तो गड्ड्याच्या जत्रेत मिरवतात तसा लहानसा नंदीध्वज वाटला असणार. अव्वा एक शब्द खोटं बोलल्या नाहीत, नुसत्या डोळे मिटून बसल्या. मी वळसंगपर्यंत उभी होते आणि तुमचं रॉकेट बसून गेलं.

माळावर मामांनी आधीच अर्धं गाव गोळा केलं होतं. कोंडीबांनी सगळ्यांना लांब बांधाआड बसवलं, सळई रोवली, लांब वात लावली आणि धोतर सावरत पळत आले. आणि काय सांगू तुम्हाला! सुर्र झालं आणि गेलं की हो वर! सरळ! जुन्या चिंचेच्या शेंड्याच्या वर, तिथून आणखी वर, मान मोडेपर्यंत. मग टप्प झालं, मामंजींची छत्री उघडली आणि ते डुलत डुलत नांगरटीत उतरलं. मी ओरडले. चक्क ओरडले, एवढ्या माणसांत, डोक्यावरचा पदर पडला तरी. मनात म्हटलं, माझ्या हाताला यश आलं. पंख मी बसवले होते ना! मामांनी सगळ्यांच्या हातावर शेंगाच्या लाडवाचा कण ठेवला, मीही फुशारकीत खाल्ला. लाडू कुठून आला हे कोण विचारतंय?

दुसऱ्या खेपेला तेच रॉकेट, तीच दारू, तेच पंख. माणूसभर वर गेलं, वाकलं, आणि सरळ गोजरबाई भाकरीचं गाठोडं सोडत होत्या त्या बाभळीकडे. सात वर्षांत गोजरबाईंना मी भरभर चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं. काल त्या पळाल्या. रॉकेट बाभळीत अडकून विझलं, पंख सुद्धा मोडला नाही, पण अख्खा माळ हसायला लागला. मामा हसले, कोंडीबा हसले, गोजरबाई श्वास लागून हसल्या. वाईट मनानं कुणीच हसलं नाही. पण मी मधे उभी होते, हात रंगानं हिरवे, आणि मला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. मी बांधावर बसून रडले. तेव्हा मला तुमचा सव्वीस जानेवारी कळला. त्याआधी खरंच कळला नव्हता.

अव्वा शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, रडतीस कशाला, या खेपेला नैवेद्य कुठं होता? मी म्हटलं, कसला नैवेद्य? तर निघायच्या आधी या बाईंनी मला न सांगता रॉकेटच्या नाकात शेंगाचा लाडू ठेवला होता! देवाकडे एवढं वर काही जाणार, ते रिकाम्या हातानं कसं जाईल, म्हणून. आणि खाली आल्यावर नैवेद्य तसाच ठेवत नाहीत, तो वाटायचा असतो, म्हणून मामांनी फोडून वाटला. म्हणजे मी जो खाल्ला तो रॉकेटच्या नाकातला! मी आधी चिडले. आणि मग तुमच्या वहीतलं दोऱ्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं.

गोजरबाईंच्या गाठोड्याचा दोरा घेऊन मी रॉकेट लटकवलं. रिकाम्या नाकाचं शेपटीकडे कलायचं. आता लाडू उरला नव्हता. अव्वा गुळाचा खडा काढायला लागल्या, मी म्हटलं थांबा, आणि मामांच्या विहिरीजवळची ओली काळी माती घेतली, लाडवाएवढा गोळा केला आणि नाकात दाबून बसवला. लटकवलं तर नाकाकडे कललं. म्हणजे नऊ वेळा वळलं की नऊ वेळा तुम्ही नाक हलकं करत गेलात, आणि त्याला हवं होतं उलटं! नाक जड हवं होतं. अव्वांनी मातीवर विभूती टाकलीच, ती मी टाकू दिली. कोंडीबांनी तिसरी वात लावली. पहिल्यापेक्षा सरळ गेलं, पहिल्यापेक्षा वर गेलं. मी अकरावीपर्यंत शिकले, मला त्यातलं गणित काढता येणार नाही, ते तुम्ही काढा. अव्वा सगळ्यांना सांगत सुटल्यात की देवाला मातीही चालते, भाव पाहिजे. मी म्हणते वजन पाहिजे. आमच्या दोघींचं कालपासून हेच चाललंय, आणि निकाल द्यायला घरात सायन्सचा मास्तर नाही.

आता त्या रेघेबद्दल. तुम्ही ‘सगळे’खाली ती का मारली, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रॉकेट ढोलात शिरलं तेव्हा तुम्ही वळून बायकांच्या रांगेकडे बघितलंत, आणि मी हसत होते. तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते, तुम्ही पाहिलंत. तुम्ही गेलात ते हेडसरांमुळे नाही, पाहुण्यांमुळे नाही, माझ्यामुळे गेलात. चुकलं माझं. ढोल घेऊन पळणारे मास्तर बघून हसू आलं, हे खरं आहे. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात तेव्हा ते मला आवरायला हवं होतं. हे सांगायलाच आठ पानं लागली. आणि एक. तिसऱ्या खेपेला पॅराशूटखाली घालायला जाड कागद उरला नव्हता. घरून आणलेला पहिल्या दोन खेपांत संपला होता. पदराची गाठ सोडली, तुमचा राजीनामा काढला, एकदा वाचला, तुमचं अक्षर फार सुंदर आहे, आणि त्याचा घट्ट बोळा करून आत सारला. तो तुमच्या रॉकेटइतकाच वर गेला आणि जळून वळसंगच्या माळावर पडला. छत्रीला साधा डागही लागला नाही. तेव्हा लेखी असं आता काही नाही. दुसरा लिहिणार असाल तर इथे येऊन, माझ्यासमोर बसून लिहा. मला तुम्ही घरात हवे आहात, वळणारं रॉकेट घेऊन का होईना. रविवारी निघा, सोमवारी पहिला तास आहे. आणि बार्शीच्या बाजारात चांगलं कातडं मिळतं म्हणतात. येताना ढोलाच्या मापाचं एक घेऊन या. माप हेडसरांनी दुसऱ्या चहाच्या वेळी लिहून दिलंय, पाकिटात घातलं आहे.

हसले तरी तुमचीच,
दाक्षायणी