‘म्हणे’ कुठे लावायचं

अण्णा, तुमच्या मते रहस्यकथा वाचणं म्हणजे डोळ्यांची नासाडी. मी आजही वाचते, भरपूर वाचते, आणि त्यांचे अनुवाद करूनच माझं घर चालतं, हे आधी सांगून टाकते. खून कोणी केला हे कळेपर्यंत मला कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू येत नाहीत. त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

लाज वाटते ती एकाच दिवसाची. मी कॉलेजात होते. रावपुऱ्याच्या घरी, स्वयंपाकघरात, तुम्ही आणि दप्तरखान्यातले तुमचे ते ख्रिस्ती सहकारी चहा घेत बसला आहात. चर्चच्या गुपितांवरची एक कादंबरी मी नुकतीच संपवलेली. शेवेचा डबा पुढे करत मी ऐटीत म्हणते, "काका, येशूला देव ठरवलं ते मतदान करून ना? आणि बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची, तेही राजानंच ठरवलं!" काका कसनुसं हसले. "असं कोण म्हणतं, दिकरा?" एवढंच म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. तुम्ही त्यांना दारापर्यंत सोडून आलात. जन्मभर संस्थानचे जुने मोडी कागद वाचलेला माणूस तुम्ही. आवाज चढवलाच नाहीत. "कागद पाहिलास? नाही ना? मग 'म्हणे' लाव. आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल बोलताना तर दोनदा लाव." आई म्हणाली, "अहो, जवा दो ने, पोर आहे." तुम्ही जाऊ दिलं नाहीत. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. अण्णा, तेवढं मात्र जास्तच होतं.

यंदा तसलीच एक कादंबरी अनुवादाला आली. तिच्यातला प्राध्यापक छातीठोकपणे सांगतो, सतराशे वर्षांपूर्वी नायसियाच्या धर्मपरिषदेत बायबलाची पुस्तकं निवडली आणि बाकीची जाळली. मी शोधलं. पुस्तकं निवडणं हा त्या परिषदेचा विषयच नव्हता. पुत्र पित्याच्या बरोबरीचा की त्याच्याहून कमी, यावर भांडण होतं, आणि येशूला देव मानणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मग मी काय करावं? प्राध्यापकाच्या तोंडी गुपचूप 'म्हणे' घातलं. "तिथे म्हणे पुस्तकं निवडली गेली." संपादकबाईंनी पकडलं. "अहो, तो ठामपणे बोलतोय, तुम्ही त्याची ओट्यावर बसलेली काकू केलीत!" खरं होतं त्यांचं. त्याचं वाक्य त्याचं. सगळे 'म्हणे' मी काढले आणि शेवटी दीड पानाची टीप जोडली. तर ती त्यांना नको. वाचकाला सगळं खरं वाटण्यातच मजा असते म्हणे! मी म्हटलं, घ्या की मजा, खून पाडा, तळघरं खणा. पण कुणाच्या श्रद्धेचा इतिहास माझ्या मराठीत खोटा सांगायचा असेल, तर खरं काय तेही त्याच पुस्तकात छापा. नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. पुस्तक आलंय, त्यावर अनुवादक कोणीच नाही, आणि त्यांचं पुढचं काम दुसरीकडे गेलंय. जाऊ दे. मी काही त्यांच्या पाया पडायला जाणार नाही.

हे ऐकून तुमची छाती फुगली असेल, पण थांबा. तुम्ही गेलात त्या सकाळी मी दवाखान्यात खाली चहा प्यायला गेले होते. वर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईनं विचारलं, काही बोलले का गं? मी म्हटलं, तुझं नाव घेतलं. उभ्या जन्मात तुम्ही तिला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. अकोट्याच्या आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना हे पाठ आहे. कोणी नवीन राहायला आलं की आई सांगते, आणि सांगताना पदर सारखा करते. हे मी कधीही दुरुस्त करणार नाही. रागवायचं तर खुशाल रागवा. दुपारची झोपलीय ती. उठायच्या आत मला हे पत्र फाडायचं आहे.