भांडी वाजू द्यायची नाहीत

६ ऑगस्ट, बुध.
कंबर धरलेलीच. काल दुपारी आईला पलंगावरून खुर्चीत घेताना माझा तोल गेला. ती पलंगावर मागे, मी तिच्यावर. एक्क्याऐंशीची बाई, मे महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झालेली, आणि वरून मी ऐंशी किलो. सुदैवाने काही लागलं नाही. मला म्हणाली, "आरं वश्या, मी आपणहून मरंना म्हणून निघालास व्हय मारायला?" हसत होती. पण पदर तोंडाशी गच्च धरलेला.

बायकोच्या, कुंदाच्या, मणक्याचं दुखणं आहे, तिला वाकायची बंदी. सांभाळायला दोन बाया ठेवून पाहिल्या. आईने दोघींना पळवलं. म्हणजे उचलणार मीच.

संध्याकाळी ठाण्याहून शरददादाचा फोन. मागून वहिनीचा आवाज, "आता तरी त्या केंद्राचं काढा." मला सगळं ऐकू येतं, हे या घरात कोणी लक्षात ठेवत नाही. दादा म्हणाला, "वसंता, दसऱ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर घोडबंदरला वृद्धांचं एक केंद्र आहे. एसी आहे, नर्स आहेत." मोठा भाऊ. वाईट माणूस नाही. पण आईला विचारलं का?

आई इथून जाणार नाही. उचलायला शिकायचं.

७ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, "कंबरेने उचलताय. पायांनी उचला." बरोबर. पण कसं ते कोण सांगणार? गोळ्या दिल्या.

माझ्या भांड्यांच्या दुकानात ठाकुर्लीचे म्हात्रे आले. गणपतीसाठी मोठा टोप हवा होता. मी स्टुलावरून उठताना कण्हलो, ते त्यांनी ऐकलं. माणूस पन्नाशीचा, मान झाडाच्या बुंध्याएवढी. स्वतःची व्यायामशाळा आहे. सगळं विचारून घेतलं, मग टोपावर थाप मारून म्हणाले, "सोमवारी सहाला ये, दादूस. सकाळच्या."

११ ऑगस्ट, सोम.
गेलो. म्हात्र्यांच्याच बिल्डिंगखाली गाळा. आरसा, लोखंड, घामाचा वास. माझ्या पायात घरातली पँट आणि दुकानातल्या चपला. म्हात्र्यांनी आधी चपला काढायला लावल्या.

मागे लाकडी पेटी ठेवली. पेटीवर बसायचं आणि उठायचं. एवढंच. मला वाटलं, चेष्टा करतायत.

बसलो, उठलो. बसलो, उठलो. म्हात्रे बघत राहिले. मग, "दादूस, लाकडाची पेटी हाय ती. तापलेला तवा नाय. टेक की नीट!"

मी म्हटलं, टेकतोय की.

"टेकत नाय. शिवून पळतंस. आणि डावा हात कुठं चाललाय तुझा?"

बघितलं तर खरंच. उठताना डावा हात हवेत काहीतरी शोधतोय. काउंटर! बत्तीस वर्षं स्टुलावर बसून गिऱ्हाईक आलं की डावा हात काउंटरवर, अंग तिरकं, उठलो. सगळा भार एका बाजूला. म्हात्र्यांना सांगितलं तर मोठ्याने हसले. "म्हंजे बत्तीस वर्षं तू बसलाच नाय. बस आता. गिऱ्हाईक नाय आयला."

हे मात्र लागलं कुठेतरी.

१४ ऑगस्ट
दुकानातली टेप आणून आईचा पलंग मोजला. गादीसकट अठरा इंच. आई म्हणे, "माप कसलं घेतोस? माझं का?" शिव्या खाल्ल्या.

म्हात्र्यांची पेटी वीसची. वरच्या एकेक इंचाच्या दोन फळ्या निघतात. म्हणजे अठराला येते. ते म्हणाले, आधी वीसवर नीट कर, मग बोल.

क्रम लिहून ठेवतो, डोक्यात राहत नाही: पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद. पोटात हवा भरून घट्ट. बूड आधी मागे, गुडघे नंतर. गुडघे बाहेर. छाती वर. पेटीवर टेकायचं, *थांबायचं*, पण पाठ सैल सोडायची नाही. झुलायचं नाही. मग टाचा रोवून सरळ वर.

थांबायचं हेच जमत नाही. टेकलो की एक तर उसळतो नाही तर पसरतो.

१९ ऑगस्ट
जिना चढताना मांड्या मेल्या. कुंदा वरून बघत होती. "अहो, आता तुम्हालाच उचलायला माणूस ठेवायचा का?"

आज खांद्यावर रिकामी दांडी. वीस किलो. आईचं वजन एकसष्ट. डायरीत नुसतं लिहून ठेवतो: वीस. एकसष्ट.

एक गोष्ट कळली. कुकर घेताना मी बोटाने टकटक करून सांगतो, पत्रा जाड की पातळ. पेटीचंही तसंच. नीट बसलो की आवाज जवळजवळ नाही. पाठ सुटली की धप्प. आरसा बघण्यापेक्षा मला हे सोपं. म्हात्र्यांना म्हटलं, मी डोळे मिटून करू? म्हणाले, "पडशील. डोळं उघडं ठेव, कान पण उघडं ठेव."

२८ ऑगस्ट, गुरु.
काल गणपती बसले. व्यायामशाळा बंद. खाडा करायचा नाही म्हणून आईच्याच खोलीत केलं. पलंगाच्या कडेला बसणं-उठणं, छातीशी पाणी भरलेली स्टीलची कळशी. आई टक लावून बघत होती. मला वाटलं, हसणार. हसली नाही.

म्हणाली, "खालती बसताना पाणी डचमळतंय."

मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं?

"मला?" आणि सांगायलाच लागली. आम्ही ठाण्यात एका खोलीत राहायचो तेव्हा ती जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. पाटी डोक्यावर घेऊन टेंभी नाक्यापासून गल्ल्यागल्ल्यांतून. हे मला माहीत होतं, मी बरोबर फिरलोय. पण पाटी उचलायची कशी, ते कधी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, "उभ्यानं कुठं उचलती? कुणाच्या तरी पायरीवर बसायचं. घरातली बाई पाटी डोस्क्यावर ठिवायची. मग उठायचं. आनि झुलायचं न्हाई. झुललं की वर भांडी वाजत्यात. वाजली की समजायचं, आता मान जाणार. भांडी वाजू द्यायची न्हाईत."

पायरी. ओझं. टेकायचं, थांबायचं, झुलायचं नाही.

म्हात्रे तीन आठवडे हेच ओरडतायत.

४ सप्टेंबर, गुरु.
म्हात्र्यांना आईची गोष्ट सांगितली. हातातलं वजन खाली ठेवून ऐकली. मग म्हणाले, "माझी आजी मिठाची पाटी वाहायची. डोक्यावर. तिला कोनी शिकवला?" आणि फळ्या काढून पेटी अठरावर आणून दिली. न मागता.

मीही भांड्यांचाच माणूस. दुकानातून चार वाट्या नेल्या, दोरीने दांडीच्या टोकांना जोडी-जोडीने बांधल्या. तीस किलो. बसलो, खणखण. उठलो, खणखण. बाजूचे दोघे, "काका, किचन घेऊन आलात काय?" म्हात्रे: "हसा. उद्या तुमच्या दांडीला पन बांधतो."

पंधरा-वीस वेळा केलं. शेवटी उठताना गप्प. बसताना अजून वाजतात.

१२ सप्टेंबर, शुक्र.
गाढवपणा. आठवडाभर पन्नासवर अडकलोय. काल शरददादा येऊन गेला, जाताना दारात म्हणाला, "वसंता, आपलंही वय झालं. हट्ट सोड." ते डोक्यात घेऊन गेलो. म्हात्रे बाहेर फोनवर होते तेवढ्यात साठ लावले. खाली जाताना पाठ सुटली, पेटीवर आदळलो, दांडी मागच्या आडव्या दांड्यांवर अडकली म्हणून वाचलो. आवाज गाळाभर.

म्हात्रे आत आले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. "आईला असा टाकनार काय?"

चाळीसवर आणलं. पहिल्यापासून. रोज.

१९ सप्टेंबर
साठ. तीन वेळा. वाट्या गप्प. म्हात्र्यांनी पाठीत असा धपाटा घातला की साठापेक्षा तो जड.

दुपारी घरी: आईचे हात माझ्या मानेभोवती, पाय रुंद, बूड मागे, श्वास, टाचा. अलगद वर. वळून खुर्चीत. धप्प नाही, काही नाही. कुंदाने टाळ्या वाजवल्या.

आई खुर्चीत बसून खिडकीकडे बघत होती. म्हटलं, झालं की नाही?

"झालं की. पोतं बी तू असंच उचलशील."

जेवणावरची इच्छा गेली.

२० सप्टेंबर, शनि.
म्हात्र्यांना सांगितलं, तर संध्याकाळी घरीच आले. टोपाचं निमित्त. आईच्या पायाशी खाली बसले, नमस्कार केला. मग मला, तिच्यादेखत: "दादूस, तू हिला का उचलतंस? हिला पाय नाय काय?"

मला कोणीच हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही.

आई त्यांना म्हणाली, "पाय हायेत, बाबा. धीर न्हाई."

डॉक्टरना फोन केला. ते म्हणाले, "हाड केव्हाच जुळलंय. जुलैपासूनच सांगतोय, पायावर भार देऊ दे, वॉकर धरून, कोणीतरी जवळ असताना." सांगितलं होतं खरं. व्यायाम घ्यायला आलेल्या मुलाला आईने चौथ्या दिवशी घालवला, आणि आम्ही सगळ्यांनी तो विषय सोडला. उचलणं सोपं वाटलं. मला तर त्यात मोठेपणाही वाटत होता. लिहून टाकलं.

२२ सप्टेंबर, सोम. घटस्थापना.
पलंगाची कड. समोर वॉकर, बाजूला मी. आईने पाच वेळा प्रयत्न केला. बूड दोन बोटं उचललं, की धप्प. हात हवेत मला शोधतात. जसा माझा काउंटर शोधायचा.

"न्हाई रं. हे पाय माझे न्हाईत."

मी म्हटलं, बत्तीस वर्षं न बसलेला माणूस बसायला शिकला. तू उठायला शीक.

"लय बोलायला लागलास."

शरददादाचा फोन. रविवारी येतो म्हणाला.

२५ सप्टेंबर, गुरु.
सकाळी आईने कुंदाला जुनं लुगडं काढायला लावलं. मऊ झालेलं, हिरवं. बसल्या बसल्या त्याची गोल चुंबळ वळली, हात अजून विसरलेले नाहीत. डोक्यावर ठेवली.

आणि मान वर झाली! सोमवारपासून ती खाली बघूनच उठायला जायची. चुंबळ पडू नये म्हणून मान आपोआप ताठ, पाठ ताठ. टाचा मागे घेतल्या, मी न सांगता.

"वर काय तरी ठिव. रिकाम्या चुंबळीवर काय व्हतंय?"

वाटी ठेवली. "त्यात चमचा टाक." टाकला.

बसली तशी थोडी थांबली. श्वास. वॉकरवर हात. वीतभर वर आली. चमचा खुळखुळला. खाली गेली, पण सावकाश.

"वाजलं," आई म्हणाली.

मी म्हटलं, थोडं.

"थोडं बी न्हाई. परत."

कुंदा बाहेर निघून गेली. तिचं नाक ओढणं मला ऐकू आलं.

२७ सप्टेंबर, शनि.
आज चार वेळा. एकदा पूर्ण! उभी, दहा मोजेपर्यंत. मी हात लावला नाही, पण वीतभर अंतरावर धरून होतो.

संध्याकाळी दादाला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. "शऱ्या, उद्या गाडी आन. मला टेंभी नाक्याची देवी बघायची. पलंगावरनं माझी मी उठनार, जिना तुमी दोघांनी खुर्चीतनं उतरवायचा, आनि गाडीत माझी मी बसनार. न्हाई जमलं, तर देवी बघून तिथनंच तुझ्या केंद्रात ने. कुनी काय बोलायचं न्हाई."

मी, "आई —"

"तू बी न्हाई."

पलीकडे दादाचा लांब श्वास. तो सुटकेचा होता की रडण्याचा, माझ्या कानांनाही कळलं नाही. म्हणाला, "अकराला येतो, आई."

२८ सप्टेंबर, रवि. सकाळ.
म्हात्र्यांचा फोन: "जास्त सराव नको देऊ. पाय ताजं ठेव." तरी ऐकते कुठे. सहापासून पाच वेळा. पाचात दोन पूर्ण. गाडीची सीट पलंगापेक्षा बुटकी, तशीच गाडी शेजाऱ्यांची आहे, ती मी कालच मोजली. सतरा. तिला सांगितलं नाही. सांगायला हवं? नको.

नवं लुगडं नेसलीय. पलंगाच्या कडेला, पाय रुंद. कुंदा केस विंचरतेय आणि आई म्हणतेय, अंबाडा खाली बांध, चुंबळीला जागा ठेव. देवीला चुंबळ घालून जाणार का, तर म्हणे, देवीनं मला बिनचुंबळीची बघितलीय कधी?

मी पलंगापासून तीन पावलं लांब उभं राहायचं, असं ठरलंय. हात खिशात. हे साठ किलोपेक्षा

खाली गाडीचा हॉर्न. दादाचाच, तो दोनदा वाजवतो.

"वश्या, वही ठिव आनि चमचा आन."