मामांच्या रांगेतला पाना

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तुझ्या टिटवीने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं की दहाव्या वाढदिवसाला मामाआजोबा तिला विमानातून फिरवणार, हे ऐकून मामा खूश झाले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर २६ मार्चच्या रविवारभोवती निळ्या पेन्सिलीने मोठा गोल काढला आहे.

इकडचं बरं आहे. फ्लाइंग क्लबात सध्या सहा शिकाऊ आहेत आणि शिकवणारे एकटे मामा. गवत वाढलं की मी कापतो, हँगर झाडतो, आणि रोज सकाळी विमानाची तपासणी करून कागदावर सही करतो. त्या सहीशिवाय विमान बाहेर काढायचं नाही, असा नियम आहे. रविवारची चाल अजून चालू आहे. तू असताना होती तशीच: सगळे सभासद धावपट्टीवर आडवी ओळ करून उभे राहतात, आणि आपापल्या रांगेत मान खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे, तारा, खिळे वेचत जातात. एक खिळासुद्धा टायर फाडू शकतो. मधली रांग अजून मामांचीच, कारण विमानाचं पुढचं चाक तिथून जातं.

एक सुचवायचं होतं. मार्चअखेर इथे वारा फार असतो. टिटवीची परीक्षाही जवळ असेल. तुम्ही मे महिन्यात आलात तर? धावपट्टीही तोवर चांगली कोरडी होईल. विचार कर. मी असं लिहिलं आहे हे मामांना कळवू नकोस.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
धाकटा


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. अक्षर छापल्यासारखं, एक काना-मात्रा चुकलेली नाही, आणि मजकूर सगळा थापांचा. मार्चात वारा असतो म्हणे. मामा आपल्याला सांभाळायला घेऊन गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्या घरात मी सात मार्च काढले आहेत. मार्चात तिथे पानही हलत नाही.

टिटवीची परीक्षा एप्रिलात आहे, तेही तुला माहीत आहे. तू खोटं बोलायला बसलास की तीन कारणं देतोस. खरं बोलणाऱ्याला एक पुरतं. काय झालं आहे? विमान बिघडलं आहे का? मामांशी भांडलास का? की नोकरी सोडायची आहे? जे असेल ते सरळ लिही. मी इथे दिवसभर दुकान सांभाळून घरी येते तेव्हा कोडी सोडवायचं त्राण उरत नाही.

हे विचारतात, मेहुण्यांची खोकला-पडशाची तक्रार गेली का. लोकरीचा मफलर पाठवला आहे, तो वापर, घडी घालून ठेवू नकोस.

उत्तराची वाट बघते.
तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मफलर मिळाला. वापरतो आहे.

तू सरळ लिही म्हणालीस म्हणून लिहितो. मामांना नीट दिसत नाही.

पहिल्यांदा ऑक्टोबरात लक्षात आलं. मी कापलेल्या गवताचा ढीग पट्टीच्या कडेला होता. मामा त्याला हाड हाड करत हाकलायला गेले. शिकाऊ मंडळी हसली, मामाही हसले. मी हसलो नाही. तेव्हापासून बघतो आहे. पूर्वी ते विमानाभोवती नजर फिरवायचे, आता हात फिरवतात. वर असताना रेडिओवर मला विचारतात, विंडसॉक काय म्हणतो रे. सगळ्यांना वाटतं, ही मामांची मजा. पण खांबावरचा तो वाऱ्याचा कापडी मोजा त्यांच्यासमोरच फडकत असतो. पट्टीच्या कडेचे पांढरे दगड मला नोव्हेंबरपासून तीनदा रंगवायला लावले, आणि तरी जानेवारीत डावं चाक एका दगडाला घासलं. ते म्हणाले, दगड सरकला होता. दगड सरकलेला नव्हता. मी मोजून ठेवलेला आहे.

डोळे दरवर्षी तपासतात, तू म्हणशील. तपासणारा डॉक्टर तोच आणि भिंतीवरचा तक्ताही तोच. मामांना तो पाठ आहे.

शिकाऊ बरोबर असला की दुसरे दोन डोळे असतात. टिटवी बरोबर असेल तेव्हा ते एकटेच असतील. म्हणून मी मे लिहिलं. मेमध्ये काय वेगळं होणार होतं, ते मलाही माहीत नाही. थोडे दिवस पुढे गेले असते इतकंच.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. लिहूनही बरं वाटत नाही.

तुझा,
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुझाच राग आला. लहानपणी तू कुलूप लावून झाल्यावर चार वेळा परत जाऊन ओढून बघायचास. एकदा तर शाळेच्या वाटेवरून मागे फिरलास. आता मामांच्या मागे लागला आहेस. पासष्टीच्या माणसाने गवताला कुत्रा समजावं, यात नवल ते काय? मी काल मीठ समजून साखर टाकली, मला आंधळी म्हणशील का?

तू बोललास तर मामांचं काय होईल, याचा विचार केलास का? विमान गेलं तर त्या माणसाकडे काय राहतं? आपल्याला वाढवायचं म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. त्यांना खाली आणायचं तर अंदाजावर आणू नकोस. काहीतरी असं दाखव, की मी नाही म्हणू शकणार नाही. तोवर २६ तारीख कायम. मी टिटवीला नाही म्हणणार नाही. तिने कपडेसुद्धा काढून ठेवले आहेत.

रागावले म्हणून जेवण टाळू नकोस.
तुझी,
ताई


ता. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून मी दाखवायला गेलो. आता काय झालं ते ऐक.

काल रविवार. चालीच्या आधी मी पट्टीवर गेलो आणि मधल्या रांगेत, निम्म्या वाटेवर, माझा मोठा पाना ठेवला. वीतभर लांब आणि लाल रंगवलेला. गवतात हरवू नये म्हणून मी माझी सगळी हत्यारं लाल रंगवतो. मामांना दिसला तर उचलतील, मला शिव्या घालतील, आणि मी तुला लिहीन की माझीच चूक होती. मला तेच हवं होतं, ताई.

मी त्यांच्या डाव्या हाताला चालत होतो. ते पान्यापाशी आले. मान खाली, डोळे जमिनीवर. बूट पान्याच्या दांड्यावर पडला, किंचित अडखळले, आणि पुढे गेले. दोन पावलांनी वाकून एक खडा उचलला. जमिनीवर चाचपताना बोटांना लागला म्हणून उचलला असावा.

मी वाकून पाना उचलणार होतो. पण उजवीकडच्या रांगेत दातवाल्या बाई होत्या. त्या दातांच्या डॉक्टर, क्लबातल्या जुन्या वैमानिक, एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी पाना उचलला आणि वर धरला. लाल रंग म्हणजे माझा, हे सगळ्या क्लबाला माहीत आहे. सगळी ओळ थांबली.

धावपट्टीवर हत्यार विसरणं यापेक्षा मोठा गुन्हा आमच्याकडे नाही. क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, हा इथे कसा आला. मी काय सांगणार होतो? सहाही शिकाऊ उभे होते. मी म्हणालो, काल गवत कापताना राहिला असेल. मामा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, भाचा असला तरी नियम तो नियम. मी इथे कामाला लागल्यापासूनच्या चार वर्षांत मला ते सगळ्यांसमोर पहिल्यांदा बोलले.

महिनाभर तपासणीचा कागद माझ्याकडून काढून घेतला आहे. सही आता मामा करतील. म्हणजे तेच तपासणार आणि तेच उडवणार. काहीच जमलं नाही तर २६ तारखेला सही नाकारायची, हे मी मनात धरून होतो. तो एक उपाय माझ्या हातात होता, तोही मीच घालवला.

तुला हवं होतं ते मिळालं का, लिही.
तुझा,
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मिळालं. माझं चुकलं. तुझ्यावर ही वेळ मी आणली.

पण अजूनही माझं एक मन म्हणतं, की त्या वेळी त्यांचं लक्ष नसेल. तूही थकलास, मीही थकले. आता आडून आडून बस झालं. याच टपालाने मी मामांना पत्र टाकते आहे. सगळं स्पष्ट विचारलं आहे. ते आपल्याशी कधी खोटं बोलले नाहीत. ते म्हणतील तसं करू.

तू काही बोलू नकोस. पत्र पोचेपर्यंत गप्प राहा.
तुझी,
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मामांना काल मिळालं. ते कसं मिळालं, ते तुला कळायला हवं.

दुपारचा चहा झाला होता. मी हँगरच्या बाजूच्या खोलीत तेलाचे डबे पुसत होतो. मामा पाकीट हातात घेऊन आले आणि म्हणाले, चष्मा घरी राहिला, ताईचं दिसतंय, वाच जरा. चष्मा त्यांच्या खिशात होता. त्याची काडी बाहेर दिसत होती.

मी पाकीट फोडलं. पहिल्या ओळीनंतरच मला कळलं की हे कोणतं पत्र आहे. मामा खुर्चीवर बसले होते, पाय लांब करून, टिटवीने काय गंमत केली ते ऐकायच्या तयारीत. दोन ओळी गाळाव्यात असं वाटलं. पण एक गाळली की पुढची लागत नाही, आणि नवीन काही रचून वाचणं मला जमत नाही. म्हणून सगळं वाचलं. धाकटा म्हणतो तुम्हाला दिसत नाही, हे वाचलं. पाना त्याने मुद्दाम ठेवला होता, हे वाचलं. तुम्ही फक्त एका ओळीत लिहा, की मला दिसतं, मग मी तुमच्या शब्दावर माझी पोर तुमच्या हाती देईन, हेही वाचलं. मध्येच थांबून पाणी प्यायलो आणि पुढे वाचलं.

मामा म्हणाले, पान्याचं परत वाच. मी परत वाचलं. मग त्यांनी पत्र मागून घेतलं, घडी घातली आणि चष्म्याच्याच खिशात ठेवलं. बाहेर शिकाऊ वाट बघत होता. त्याला म्हणाले, आज वारा बरोबर नाही, घरी जा. वारा अजिबात नव्हता.

रात्री आणि आज सकाळी माझ्याशी बोललेले नाहीत. जेवण मी वाढलं तसं जेवले. मला वाटतं, ते ती एक ओळ लिहितील, ताई. आणि लिहिली तर तू काय करशील, हे मला आत्ताच कळव. मला झोप लागत नाही.

तुझा,
धाकटा


ता. १८ मार्च

चि. पोरीस,
अ. उ. आ.

अक्षर धाकट्याचं आहे, शब्द माझे. मध्ये त्याने पदरचं काही घातलं तर मला कळायचं नाही, हे तू लक्षात ठेव.

तू एक ओळ मागितलीस. चार दिवस ती ओळ मी तयार करत होतो. दिसतं, असं लिहिलं असतं तर ते अगदी खोटं नव्हतं. आभाळ दिसतं. कडेकडेचं बरंच दिसतं. जिथे बघावं तिथेच मधोमध डाग येतो. धावपट्टी कुठे आहे ते मला अजून अंगाने कळतं. तिच्यावर काय आहे ते कळत नाही. माझ्या शब्दावर पोर देते म्हणालीस, म्हणून शब्द देत नाही.

काल सेक्रेटरींकडे जाऊन लायसन ठेवून आलो. पाना माझ्या रांगेत होता आणि मी त्याच्यावर पाय देऊन गेलो, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तो तिथे आला कसा. म्हटलं, ते आमच्या घरातलं. ते समजले असावेत. तपासणीचा कागद त्यांनी धाकट्याला परत दिला. उद्या चालीच्या आधी शिकाऊ मंडळींना मीच सांगणार आहे. ती सहा जणं दुसरीकडे जातील. जायलाच हवं. क्लब किती दिवस राहील, सांगता येत नाही.

आता टिटवीचं. तिला घेऊन ये. विमान दातवाल्या बाई चालवतील. त्यांचं उतरणं दाढ उपटल्यासारखं असतं, पण नजर घारीची आहे. मागच्या सीटवर तुम्ही या, असं मला त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. तेवढं अजून जमायचं नाही. मी खाली उभा राहीन. तिला एवढंच सांग, की हात हलवलास तर मामाआजोबांना दिसणार नाही, तरी हलव.

धाकट्यावर मी रागावलेलो आहे, आणि राहीन थोडे दिवस. तू त्याची वकिली करू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते कधी मागावे लागले नाहीत.
तुझा,
मामा

ती. ताई, खालची जागा रिकामी आहे म्हणून लिहितो. वरचं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं, एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही.

आज सकाळी मी विमानाची तपासणी करत होतो. मामा आले आणि पंखाला हात टेकून उभे राहिले. कागदावर एकतीस बाबी आहेत. मी त्या मनात वाचतो. मामा म्हणाले, मोठ्याने वाच. मी वाचत गेलो, बघत गेलो, ठीक म्हणत गेलो, आणि ते प्रत्येक वेळी पुढे म्हणत गेले. ब्रेकपाशी आलो तेव्हा म्हणाले, इतक्या लवकर कसं झालं, परत बघ. मी गुडघे टेकून परत बघितलं. ठीक होतं. तसं सांगितलं. मग मामा म्हणाले, पुढे.

तुझा,
धाकटा