ताणलेलं नाव

प्रिय हेरंब,

‘प्रिय’ तुझ्या आईने आपल्या मनाने घातलंय. मी सांगितलं नव्हतं. मला लिहिता येत नाही म्हणून रुपालीला समोर बसवलंय आणि बजावलंय, पोरगा तुझा असला तरी माझा एक शब्द मऊ करायचा नाहीस.

परळच्या त्या जुन्या गिरणीत तुझा कार्यक्रम, म्हणून मी लालबागहून इस्त्रीचं लुगडं नेसून आले. बघते तर काळोख. खुर्ची नाही, जमिनीवर गाद्या. माणसं आडवी पडून ऐकतायत. एक बाई घोरत होती, तेवढी एकटीच शहाणी. आणि चारी भिंतींतून नुसतं घूंऽऽ, चाळीचा पाण्याचा पंप बिघडल्यासारखं. शेजारच्या मुलीला विचारलं, हे काय गं? तर म्हणे, आजी, समुद्र असेल, डोळे मिटा. मग तू येऊन कानात सांगितलंस, हे आजोबा आहेत, त्यांनी घेतलेलं तुझं नाव कॉम्प्युटरवर ताणून तासाभराचं केलंय. वर विचारतोस, कसं वाटलं?

आता ऐक कसं वाटलं. अख्ख्या संसारात ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही. ‘अगं’ नाहीतर ‘ऐकलंस का’. तेव्हा चाळीत कोणीच मारत नसे, माझी तक्रार नव्हती. तुझ्या बहिणीच्या, श्रेयाच्या लग्नात नवरा-नवरीला दारात अडवून झालं, तरी पोरींचं समाधान होईना. आम्हा म्हाताऱ्यांनाही अडवलं. नाव घ्या आजोबा, मगच आत. ह्यांना उखाणा कुठला येतोय? कपाळाला आठ्या घालून म्हणाले, शेवंतीचे गुडघे दुखतायत, सोडा आत. पोरी खिदळल्या, मी पदर तोंडाला लावला, आणि तू मेल्या फोन धरून उभा होतास. एवढंच. पुढच्या श्रावणात हे गेले.

त्यातलं ‘शेवंती’ तेवढं कापून घेतलंस. गुडघे टाकून दिलेस. माझे गुडघे कलेत बसत नसतील. तरी मी बसून राहिले, म्हटलं नाव तरी पुरं ऐकू. ‘शे’ची नुसती वाफ. ‘वं’ येईतो मला लघवीला लागली. परत येते तर दिवे लागलेले, लोक टाळ्या वाजवतायत. ह्यांनी जन्मात एकदा घेतलेलं नाव, तेही अर्धंच मिळालं.

ते रेकॉर्डिंग मी कधीची मागतेय. तुझं आपलं एकच, मागचा गोंधळ साफ करून देतो. साफ करू नकोस. पोरींचं खिदळणं, मांडवातला लाऊडस्पीकर, सगळं राहू दे. रविवारी स्वतः ये आणि आहे तसं माझ्या फोनात घालून दे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण माझा आवाज तुझ्या हाती द्यायची आता हिंमत नाही. आणि घाई कशाची, ते रुपालीलाही आत्ता लिहिता लिहिताच कळतंय. त्या दिवसापासून सकाळी चहा ठेवताना ह्यांचा आवाज आठवायला जाते, तर कानात तुझं ते घूंऽऽ येतं. हे येत नाहीत.

तुझीच, आणि हे मात्र मी सांगितलंय,
आजी